शांततेसाठी घेतलेला आवाज

अंधेरीतल्या त्या स्टुडिओवरून रिक्षा गेली तरी मला शिसारी येते.

मी डबिंग करते. साबणाची जाहिरात असो की सरकारी माहितीपट, पडेल तो आवाज देते आणि त्याची मला लाज नाही. तेव्हाचा माहितीपट देशाच्या अणुधोरणावर होता. निवेदन माझं, आणि शेवटी एका म्हाताऱ्या मालवणी बाईची दोन वाक्यं. "ओरिजिनल पाहिजे यार, अ‍ॅक्टिंग नको," दिग्दर्शक म्हणाला. म्हणून बोरिवलीहून आईला घेऊन गेले. बिचारी ठेवणीतली साडी नेसून आली होती.

माइक तपासायचा म्हणून रेकॉर्डिस्टने तिला गप्पांत ओढलं. गावाला रात्री एकटं फिरताना भीती नाही वाटत? आई खुशीत म्हणाली, "भ्या कसला? आमचोच गाव तो. माका कसलाच भ्या नाय."

मग माझं निवेदन झालं. मूठभर देशांनी बॉम्ब स्वतःकडे ठेवले आणि बाकीच्यांना म्हणाले, तुम्ही बनवणार नाही अशा करारावर सही करा. हा भेदभाव आहे, म्हणून भारताने सही केली नाही. तरीही आम्ही बॉम्ब आधी वापरणार नाही, तो दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही, आणि अणूपासून वीज करू; आम्ही शब्दाला जागणारा देश आहोत. हे मला मनापासून पटतं. दुसऱ्यांनी ठरवायचं आणि आपण मान डोलवायची, हे का म्हणून? काचेपलीकडे आई कान देऊन ऐकत होती.

तिची पाळी आली आणि पडद्यावर जेटी दिसली, मागे देऊळ. आईचं माहेर. तिथल्या अणुप्रकल्पात मामाची आंब्याच्या कलमांची बाग जाणार आहे, आणि तो ती वाचवायला भांडतोय. आईच्या हातात दिलेल्या कागदावर पहिलंच वाक्य होतं, आमची जमीन आम्ही खुशीने देतो.

तिने कागद खाली ठेवला. "आमका न इचारता ठरयलेला आपलो देश मानणा नाय, असा आताच माझा चेडू बोलला ना? मगे माझ्या भावाक कोणी इचारल्यान?"

"आजी, तो आंतरराष्ट्रीय विषय आहे," दिग्दर्शक हसत म्हणाला.

म्हणजे परदेशात स्वाभिमान आणि आंब्याच्या बागेत गप्प बसा. माझं डोकंच फिरलं. आईचा हात धरून मी तिथून निघाले.

पुढे मामाने फोनवर तो माहितीपट पाठवला. गावच्या सभेत पडद्यावर लावला होता म्हणे. माझं निवेदन जसंच्या तसं. त्यानंतर कुणीतरी बाई विचारते, आजी, प्रकल्पाची भीती वाटते का? आणि माझी आई हसत सांगते, "भ्या कसला? माका कसलाच भ्या नाय."

मी दिग्दर्शकाला फोन करून तोंडाला येईल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "आवाज त्यांचाच आहे ना मॅडम? झकास बसलाय." किळस आली मला. आम्ही शब्दाला जागणारा देश, हे माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं आणि मागून म्हातारीचे शब्द चोरायचे. थू.

मामा आईशी भांडला नाही. "बाये, माका आदी सांगाक होया होता," एवढंच म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. ते प्रकल्पाबद्दल नव्हतंच, हे आई बंद झालेल्या फोनवरही सांगत राहिली.

तेव्हापासून ती परक्या माणसासमोर तोंड उघडत नाही. परवा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आजी, कुठे दुखतंय? तिने आधी त्यांच्या टेबलावर पडलेल्या मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नुसतं छातीवर बोट ठेवलं.