राखीव डोहाचं पाणी

मिंग थावरीने आपल्या सख्ख्या दिराला ओल्या लाकडाच्या एका मोळीसाठी समितीपुढे उभं केलं होतं, ही गोष्ट आमच्या प्रेक छ्लांग गावात नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात ऐकवतात. मिंग म्हणजे मावशी. निम्मं गाव तिला याच नावाने हाक मारायचं, आणि उरलेलं निम्मं तिची होडी दिसली की जाळी आवरायला धावायचं.

मी तिथल्या तरंगत्या शाळेत अकरा वर्षं शिकवलं. घरंही तरंगतीच. सरोवर फुगलं की ती जंगलाला टेकून बांधायची, ओसरलं की पाण्यामागे ओढत न्यायची. पावसाळ्यात मेकाँग चढते, तिचं पाणी उलटं फिरून आमच्या टोन्ले साप सरोवरात शिरतं आणि काठचं जंगल गळ्यापर्यंत बुडतं. त्या बुडालेल्या झाडांत मासा अंडी घालतो, पिल्लं तिथंच मोठी होतात. उन्हाळ्यात जंगल कोरडं पडतं आणि मधोमध एक खोल डोह तेवढा उरतो. मरळ, मागूर असले चिवट मासे त्यात दिवस काढतात आणि पुढच्या पुरात बाहेर पडून वंश वाढवतात. डोहात जाळं टाकायचं नाही, जंगलातली फांदी तोडायची नाही, हे नियम गावाच्या मासेमारी समितीने केले. समितीची प्रमुख म्हणून चौदा वर्षं ते पाळायला लावले थावरीने.

ती बुटकी होती, डाव्या पायाने जराशी लंगडायची, आणि आवाज असा फाटका की दोन होड्यांच्या इंजिनांवरून ऐकू यावा. तिचा नवरा सारोएउन ती इंजिनं दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, “पोलिसाला सुट्टी तरी असते. माझी बायको जेवतानाही पहाऱ्यावर असते.”

गावात तिला तोंडावर नावं ठेवणारे पुष्कळ होते, पण खरा दावा एकाचाच होता. नोपचा. जंगलातल्या डबक्यांना पंप लावायचा, पाणी उपसायचं आणि तळाशी तडफडणारा मासा हाताने वेचायचा, हा त्याचा धंदा. कायद्याने बंदी असलेला. तीन वर्षांपूर्वी थावरीने त्याला पंपासकट पकडून दिलं. तो सात दिवस कोठडीत होता, आणि त्याच आठवड्यात त्याची आई गेली. अग्नी द्यायला तो पोचला नाही. सुटून आल्यावर त्याने आपलं घर ओढत नेऊन गावाच्या पार टोकाला बांधलं. थावरी समोरून आली तर तो होडी वळवायचा.

मग ते वर्ष आलं. आदल्या पावसाळ्यात पूर नीट चढलाच नव्हता. कुणी म्हणे वरच्या देशांतल्या धरणांनी पाणी अडवलं, कुणी म्हणे पाऊसच पडला नाही, तर कुणी म्हणे दोन्ही. नदीच्या सगळ्या देशांची माणसं गार खोल्यांत बसून त्यावर बोलत होती म्हणे. आमच्याकडे एवढंच दिसत होतं, की झाडांच्या बुंध्यांवर पुराची खूण दरवर्षी डोक्याच्या वर असायची, ती या वेळी गुडघ्याला होती. एप्रिलमध्ये सरोवर तीन किलोमीटर मागे गेलं. जंगलात पाय टाकला की पानं पापडासारखी मोडायची.

नववर्षाचा सण होऊन बारा दिवस झाले होते. पश्चिमेला धूर दिसला. मध काढणाऱ्यांची आग असेल म्हणून दोन दिवस कुणी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा फिरला आणि वर्गात मुलं खोकायला लागली. मी शाळा सोडली.

थावरी घरापुढच्या लाकडी फळ्यांवर उभी राहून फोनवर ओरडत होती. पलीकडे मत्स्य खात्याचा माणूस होता.

“गाडी चिखलातून येत नाही? मग चालत या! आम्ही काय उडत जातो?” ती थांबली, ऐकलं. “परवा? साहेब, परवा तुम्हाला राख दाखवेन. फोटो काढायला या.”

तिने फोन बंद केला आणि आमच्याकडे वळली. आम्ही बावीस जण होतो. हातात बादल्या, कोयते.

“बादल्यांनी काही व्हायचं नाही,” सारोएउन म्हणाला.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मास्तर, तुम्ही चला माझ्याबरोबर. एकटी गेले तर तो दार लावून घेईल.”

मला वाटेत कळलं की आम्ही नोपकडे चाललोय.

तो दारातच बसून भात आणि प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या माशाचं कालवण, खात होता. त्याने मान वर केली नाही.

“नोप, पंप हवाय.”

“कसला पंप? माझा पंप तर तुम्हीच नेलात.”

“तो जुना. मी नव्याबद्दल बोलतेय. जाळ्यांच्या ढिगाखाली आहे तो.”

त्याचा घास हातातच राहिला. घराच्या आत त्याची बायको भांडी घासत होती, तो आवाजही थांबला.

“कधीपासून माहीत आहे?”

“गेल्या पावसाळ्यापासून.”

“मग पकडलं का नाही?”

“वापरताना पकडायचं होतं.”

नोप हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. “म्हणजे आता मी स्वतःच्या खांद्यावर पंप घेऊन तुमच्या जंगलात यायचं. उद्या अधिकारी आले की पुन्हा सात दिवस. या वेळी घरात मरायला कोण उरलंय, मिंग? बायको?”

मला तिथून निघून जावंसं वाटलं. थावरी मात्र तशीच उभी राहिली. तिच्या कपाळावरून घाम भुवईत उतरत होता.

“तुझ्या आईचं मला रात्री आठवतं,” ती म्हणाली. “माफी मागायला तुझ्याकडे यायला हवं होतं, आले नाही. आज मी त्यासाठी आलेली नाही. आज पंपासाठी आलेय. अधिकाऱ्यांनी विचारलं तर पंप माझा.”

“घ्या शपथ.”

“वेळ नाही शपथेला. बघ तिकडे.”

झाडांच्या शेंड्यांवर धूर आता काळा झाला होता. नोपने तिकडे पाहिलं. मग ताट बाजूला सारून आत गेला आणि जाळी ओढायला लागला.

पंप बांबूला अडकवून आम्ही चौघांनी नेला. डोहापाशी पोचलो तेव्हा आगीचा आवाज ऐकू येत होता, ओल्या कापडाचे तुकडे कुणी सतत फाडावेत तसा. धुराने डोळे उघडत नव्हते. डोहाच्या काठावर ता यान उभे होते. गावातले सगळ्यांत म्हातारे, सगळ्यांचे आजोबा. त्यांनी काठी आडवी धरली.

“थावरी, यातलं पाणी उपसणार?”

“दुसरं पाणी कुठंय, ता?”

“आणि आतला मासा? जंगल वाचवशील, मग पुढच्या पुरात अंडी कोण घालणार? तू?”

थावरी डोहाकडे बघत राहिली. कडेला मरळ हवा घ्यायला वर येत होते, बुडबुडे फुटत होते. चौदा वर्षं तिने या पाण्यात कुठल्या पोराला हातसुद्धा धुऊ दिला नव्हता. तिने एक फांदी घेतली, पाण्यात शिरली आणि कमरेएवढ्या पाण्यात ती रोवली. पाण्याखाली वीतभर अंतरावर फांदीवर कोयत्याने खाच मारली.

“या खाचेपर्यंत. पाणी याच्याखाली गेलं की पंप बंद. मी नसले तरी बंद.”

मग ती बाहेर आली आणि डोहाच्या पश्चिमेचं पहिलं झाड तिनेच तोडलं. दहा पावलं रुंदीचा पट्टा मोकळा करायचा होता, आगीला खायला काही उरू नये असा. पहिला घाव घालताना तिचा चेहरा मी पाहिला नाही, पाठ पाहिली. घाव तिरका बसला. दुसरा सरळ. त्यानंतर कुणालाच विचार करायला फुरसत नव्हती. पुरुष तोडत होते, बायका ओढून बाजूला टाकत होत्या, नोप पाइप धरून पट्ट्याची जमीन भिजवत होता. जमिनीवर पानांचा हातभर थर होता आणि आग त्याच्या खालून सरपटत यायची. आता विझली म्हणावं तर मागे पाच पावलांवर धूर निघायचा.

दुपारी दोनच्या सुमाराला आग पट्ट्याला भिडली. एका वेलीवरून ती वर चढली, शेंड्यावरून उडी मारून आमच्या बाजूच्या झाडावर आली. नोपने पाइप वर धरला. तेवढ्यात डोहाकडून सारोएउन ओरडला, “खाच! खाच दिसायला लागली!”

सगळे थावरीकडे बघायला लागले. ता यानसुद्धा.

“बंद करू?” नोपने विचारलं. त्याच्या हाताची कातडी भाजून लाल झाली होती. “मिंग, बोल! बंद करू?”

झाड पेटत होतं. त्याच्यामागे वाचलेलं सगळं जंगल होतं.

“चालू ठेव,” ती म्हणाली. आणि मग गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, “बायांनो, क्रमा सोडा! सारोंग, पोती, जे असेल ते भिजवा! मासा बाहेर काढायचा!”

डोक्याला बांधलेली कापडं सुटली. आम्ही चिखलात उतरलो. पाणी मांडीला, मग गुडघ्याला आलं, आणि मासे पायांवर आपटायला लागले. हाताएवढे मरळ, अंड्यांनी फुगलेल्या माद्या. ओल्या कापडात गुंडाळायचं, छातीशी धरायचं आणि अर्धा किलोमीटर पळायचं, ओढ्यापर्यंत. ओढ्यात ढोपरभर पाणी होतं आणि ते पुढे सरोवराला मिळत होतं. मरळ, मागूर हवेवर काही वेळ जगतात, म्हणून हे जमलं. दुसरा कुठला मासा असता तर वाटेतच मेला असता. मी सतरा फेऱ्या केल्या. थावरी लंगडत किती वेळा गेली, ते कुणालाच ठाऊक नाही.

संध्याकाळी पंप कोरडा खोकायला लागला, तेव्हा पट्ट्यापलीकडे नुसते निखारे होते. वाचलं ते जंगल एक तृतीयांश असेल. डोहात चिखल उरला होता. जे मासे आम्हाला सापडले नाहीत ते त्यात उताणे पडले होते. नोप काठावर बसला आणि पाइपाच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या धंद्यात हा शेवट रोजचाच होता, पण त्याने एकही मासा उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी थावरीने गावाला ओढ्यातली जाळी पाऊस पडेपर्यंत उचलायला लावली. बहुतेकांनी उचलली. चार दिवसांनी बाजारात दोघं जण लठ्ठ मरळ विकताना दिसले. त्यातला एक तिचा तोच दीर होता.

पाचव्या दिवशी मत्स्य खात्याचे तिघं जण मोटारसायकलींवर आले. त्यांनी राखेचे फोटो काढले, तोडलेली झाडं मोजली, डोह पाहिला. मग मोठ्या साहेबाने विचारलं, “राखीव डोहाला पंप कुणी लावला?”

“मी,” थावरी म्हणाली.

“पंप कुणाचा?”

“माझा.”

नोप माझ्याशेजारी उभा होता. तो पुढे सरकला. थावरीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागीच थांबला. ज्या नजरेने ती चोरांना पकडायची, तीच नजर होती ती. साहेबही वाईट माणूस नव्हता. तो चुळबुळला, म्हणाला की परिस्थिती समजते, पण नियम लिहिलेला आहे. “मीच लिहिलाय तो,” थावरी म्हणाली. पंप जप्त झाला आणि समितीचं प्रमुखपद तिच्याकडून गेलं. कागदावर तिने अंगठा नव्हे, सही केली, ठळक.

संध्याकाळी नोप तिच्या घरी आला. मी सारोएउनशी बोलत बसलो होतो. नोप दारात उभा राहिला, बसला नाही.

“मिंग, तू खोटं बोललीस.”

“जन्मात दोनदा बोलले.”

“दुसऱ्यांदा कधी?”

“लग्नाआधी. याला सांगितलं होतं, मला स्वयंपाक येतो.”

सारोएउनने कपाळाला हात लावला. नोप हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. मग तो खाली बसला. आईचं शेवटचं आजारपण त्या दिवशी त्याने पहिल्यांदा कुणाला सांगितलं. तो निघाला तेव्हा थावरीने त्याचे भाजलेले हात आपल्या हातांत घेतले आणि जे तीन वर्षांपूर्वी म्हणायचं होतं ते म्हणाली. इतक्या हळू, की मला ऐकू आलं नाही.

पाऊस उशिरा आला. नदी उलटी फिरली ती ऑगस्टच्या शेवटी, आणि पाणी वाचलेल्या झाडांच्या कमरेपर्यंत चढलं. पुढच्या वर्षी नोप बायकोला घेऊन नॉम पेनला इमारतींच्या कामावर गेला. मासा कमी झाला होता; त्याच्यासारखी बरीच घरं गेली. जळलेल्या भागात थावरीने रोपं लावली. त्यातली निम्मी मेली, तिने पुन्हा लावली.

आगीनंतरच्या पहिल्याच पुरात एका सकाळी ती मला होडीतून जंगलात घेऊन गेली. इंजिन बंद करून आम्ही झाडांमधून वल्हवत होतो. मरळाची पिल्लं लालसर झुबक्याने एकत्र फिरतात, आई खाली राखण करते. थावरी होडीच्या टोकाला पोटावर पडून पाण्यात बघत होती. दुपारपर्यंत तिला असे तीन झुबके दिसले.

“पूर्वी एवढे असायचे, मोजायचा कंटाळा यायचा,” ती म्हणाली, आणि चौथा शोधायला होडी पुढे न्यायला सांगितली.