नावेची फट आणि इंजिनाचा सांधा

क्रँककेस उघडली तेव्हा सांध्याच्या कडेने आत फट बुजवायचं सिलिकॉन लोंबत होतं. क्रँककेस म्हणजे इंजिनाचं पोट. या जुन्या मोटारसायकलीत ते दोन अर्ध्या भागांचं असतं.

गाडी रघुभाऊंची. ते बोदलकसा तलावाकाठचे. मासोळी याच गाडीवर तिरोड्याला आणतात. वडिलांच्या वेळची गाडी, हे पोट आता कुठे मिळत नाही. ते गेलं की गाडी भंगारात. तेल गळत होतं म्हणून त्यांनी घरीच इंजिन खोलून ट्यूबभर सिलिकॉन भरलं होतं.

मी चिमट्याने तेलाच्या जाळीतून सिलिकॉनचे तुकडे काढले. जाळी निम्मी बुजली होती. अशीच चालवली असती तर वर तेल पोचलं नसतं आणि इंजिन जाम झालं असतं.

आमच्या गॅरेजात गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्या नवऱ्याचं, काम दोघांचं. पण पार्ट आणायला हे त्या दिवशी गोंदियाला गेले होते. रघुभाऊ समोर बसून म्हणत होते, या वेळी सिलिकॉन दाबून लावा.

मी मान हलवून ‘नाही’ म्हटलं.

"काऊन, वहिनी? नावेले डांबर कमी लावलं त नाव बुडते."

तळ्यावरच्या नावा तेच दुरुस्त करतात. मी ते तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले.

"नावेचं जास्तीचं डांबर भायेर राहते, भाऊ. हे आत जाते."

रघुभाऊ तुकडे बोटांनी चुरत राहिले. "म्हंजे मीच मारून राहिलो होतो तिले."

मग मी सांध्यावरून नख फिरवलं. एका जागी अडकलं. कधीतरी कुणी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं असेल, तिथे धातूची बारीक कोर उभी राहिली होती. म्हणून दोन भाग नीट बसतच नव्हते. बारीक कानशीने ती कोर उतरवली.

या सांध्यात गॅस्केट, म्हणजे मधली पातळ पट्टी, नसतं; धातूवर धातू बसतो. म्हणून कडक न होणारं, पातळ सीलंट घेतलं. खालचा धातू दिसेल इतकंच बोटाने पसरवलं. सिलिंडरखालच्या कागदी गॅस्केटला नुसतं ग्रीस. कार्ब्युरेटरला सिलिकॉन नाहीच, पेट्रोलने ते फुगतं.

"लावलं का खरंच?" रघुभाऊंनी दोनदा विचारलं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

पावसाळा गेला, सांधा कोरडा आहे. किकच्या दांड्यापाशी थोडं ओलं होतं, तेवढं चालायचंच. रघुभाऊ तळ्यावरच्या लोकांना आमच्याकडे पाठवतात. सांगतात, "तेथची बाई काहीच लावत नाही, तरी गळत नाही."

ह्यांना ते ऐकून राग येतो. मला नाही येत. सांधा नीट बसला की सीलंटला फारसं काम उरत नाही.