नाशिकची बाकरवडी

स्वाईन फ्लूमुळे पुण्याचं नाव रोज तमिळ बातम्यांत झळकत होतं, तेव्हाच मी बहिणीच्या डोहाळजेवणाला पुण्याला जाऊन आले. शनिवार-रविवारची धावती भेट. सोमवारी चेन्नईला लॅबमध्ये ‘नाशिकला गेले होते’ असं ठोकून दिलं.

पुण्याहून येणाऱ्याने सात दिवस घरी बसायचं, असा आमच्या गाईड सरांचा हुकूम होता. मला सात दिवस परवडणारे नव्हते. इन्क्युबेटरमध्ये माझ्या पेशींचे चार फ्लास्क होते. त्यांना दिवसाआड मीडियम, म्हणजे त्यांचं ते लाल पातळ जेवण, बदलून द्यावं लागायचं. नाही दिलं तर मरतात, कारणं ऐकून घेत नाहीत. माझ्या पीएचडीची दोन वर्षं त्या चार बाटल्यांत होती. थोड्या पेशी राखीव म्हणून गोठवून ठेवायच्या असतात. ते काम मी रोज उद्यावर ढकलत होते.

शेजारच्या टेबलावर एक सीनियर बसायची, तंजावरकडच्या मराठी घरातली. पहिल्या दिवशी ती माझ्याशी तिच्या घरच्या जुन्या मराठीत बोलली आणि मी फिस्सकन हसले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय! तेव्हापासून ती माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलायची, तेही कामापुरतं.

गावाहून येणाऱ्याने चहाच्या टेबलावर काहीतरी खायला ठेवायचं, अशी लॅबची रीत होती. रिकाम्या हाताने आलं की आठवडाभर टोमणे. मी बाकरवडी ठेवली. दुकानाची पिशवी आठवणीने फेकून दिली होती. डब्याच्या झाकणाकडे मात्र बघितलं नाही.

अर्धा डबा संपल्यावर सरांनी चष्मा कपाळावर चढवून झाकण वाचलं. ‘पुणे नाशिकमध्ये कधी गेलं?’ त्यांनी शांतपणे विचारलं. त्यांच्या तोंडात बाकरवडी होती.

मी आणि ज्यांनी ज्यांनी खाल्ली ते सगळे, सरांसकट, सात दिवस घरी. फ्लू बाकरवडीतून पसरत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण वाद घालायला कोणी पुढे आलं नाही. खाल्ली नव्हती ती एकट्या सीनियरने.

नुंगंबाक्कमच्या खोलीवरून मी नाक मुठीत धरून तिला फोन केला. ‘बघते,’ ती इंग्रजीत म्हणाली.

मग रोज अकराला तिचा फोन.

‘ताप?’

‘नाही.’

‘खोकला?’

‘नाही.’

‘फ्लास्क ठीक.’ की फोन बंद.

तिसऱ्या दिवशी घसा खवखवला. मी सांगून टाकलं. ‘बरं,’ ती म्हणाली, आणि संध्याकाळी पुन्हा फोन करून तेच दोन प्रश्न. माझं डोकंच फिरलं. ही माझी नोंद ठेवतेय आणि सगळं सरांच्या कानावर घालणार, याबद्दल माझी खात्रीच झाली. पण पेशी तिच्या हातात होत्या, म्हणून गप्प बसले. चौथ्या दिवशी घसा आपोआप बरा झाला.

आठव्या दिवशी सकाळी धावत इन्क्युबेटर गाठला. चारही फ्लास्क जिवंत. झाकणांवर तिच्या बारीक अक्षरात तारखा. शिवाय माझ्या नावाच्या सहा कुप्या गोठवलेल्या. मला रडूच आलं.

तिच्या टेबलाखाली एक कपड्यांची पिशवी आणि गुंडाळलेली चटई होती. हे काय, मी विचारलं.

तिने सांगितलं, मराठीत. अण्णा नगरला तिच्या घरी आई होती, केमो चालू असलेली. आणि त्या सोमवारी सकाळभर ती माझ्या शेजारी बसली होती. म्हणून सात दिवस ती घरी न जाता होस्टेलवर मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपली. बाकरवडीला हात न लावण्याचं कारणही तेच. बाहेरचं खाणं तिने बंदच केलं होतं.

‘अगं, मग मला आधी सांगायचं ना!’ मी म्हणाले. हे मी म्हणाले. मी!

तिने पिशवी खांद्याला लावली, चटई काखेत मारली.

‘खोकला नाही ना?’ तिने विचारलं.

‘नाही.’

‘नक्की?’

‘नक्की. शप्पथ.’

घरी जायची बस पकडायची होती तरी ती दारात थांबून माझ्याकडे बघत राहिली. मी खरं बोलतेय की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.