पिंपातलं पाणी

आंब्याची ती कलमं मी जगवली. दुष्काळात विहिरीच्या तळाला जेमतेम घागर बुडायची. त्यातल्या दोन घागरी रोज डोक्यावरून नेऊन मी एकेका आळ्यात तांब्या तांब्या पाणी ओतायचे. नवरा तेव्हा फौजेत होता. वडूजच्या बाजूच्या त्या माळावर आंबा येईल, यावर सासऱ्यांचाही विश्वास नव्हता.

दुष्काळ सरला, झाडं डोक्याच्या वर गेली आणि नवरा पेन्शनीत निघाला. सांगलीकडच्या कुणाच्या तरी बागेत त्यानं पाण्यातून खत देताना पाहिलं होतं. आल्या आल्या विहिरीवर इंजिन बसवलं. पाटाच्या तोंडाशी दगडांवर लोखंडी पिंप चढवलं आणि खाली तोटी लावली. पिंपात युरिया कालवायचा, तोटी थोडी सोडायची, म्हणजे खत पाटाच्या पाण्याबरोबर झाडाच्या बुडाशी जायचं. कालवायचं काम माझं. हाताच्या भेगांत ते पाणी झोंबायचं.

झाडं अशी हिरवीगार झाली की बघायला माणसं यायची. "फौजेतल्या गड्याचं कामच येगळं," म्हणायची. तो हसायचा. घागरींचं नाव कुणी काढलं नाही.

दसऱ्याला मी म्हटलं, "आवं, आता पानी आन खत बंद करा. आमच्या शिराळ्याला दसऱ्यापास्नं आंब्याला ताण देत्यात, तवा मोहर येतोय."

"तुमच्या शिराळ्याला पिंप हाय का? न्हाई न्हवं? मग गप कालव."

माघात बांधावरच्या रायवळ आंब्याला मोहर आला. त्याला कधी कुणी पाणी घातलं नव्हतं. आमच्या कलमांना मात्र तांबूस पालवी फुटली, नुसती पालवी. नवऱ्याला वाटलं, खतच कमी पडतंय. त्यानं दुप्पट युरिया कालवायला लावला आणि मी कालवला. ते मला आजही सलतं.

त्याच आठवड्यात गाय गेली. पहिल्या बाळंतपणानंतर माझ्या बापानं दिलेली गाय. त्या दिवशी नवऱ्यानंच तिला बांधावर मोकळी सोडली होती. मी खालच्या अंगाला पाटाच्या पाण्याची दारं धरत होते. मान वर करून बघते तर पिंपाखाली साचलेल्या डबक्यात तिनं तोंड घातलेलं. ओरडत पळाले, पण ती पोटभर प्यायली होती. थोड्याच वेळात थरथरायला लागली. तोंडाला फेस आला, पोट टम्म फुगलं. चिंचेचं पाणी करून आणलं, ते तिच्या घशाखाली उतरलंच नाही. दुपार कलायच्या आत संपली.

शेजारचे गोळा झाले. "कशानं गेली रं?"

"पान लागलं," नवरा म्हणाला. साप चावला, असं आमच्याकडं उघड म्हणत नाहीत.

मी गाईच्या डोक्याशी बसले होते. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी तोंड उघडणार नाही, याची त्याला खात्रीच होती. आणि ती खरी ठरली.

महिन्याभरानं माहेरी गेले. बापानं पाण्याचा तांब्या हातात दिला आणि विचारलं, "गाय कशी हाय गं?"

"गेली. पान लागलं."

"पोट फुगलं हुतं?"

"व्हय. लय फुगलं हुतं. तोंडाला फेस."

तो माझ्याकडं बघत राहिला. नागांच्या शिराळ्यात जन्म गेलेला माणूस. पान लागलेली जनावरं त्यानं किती पाहिली असतील; त्यांची पोटं अशी फुगत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. "कुटं लागलं?" त्यानं विचारलं. मी तांब्यातलं पाणी प्यायले. "पायाला," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला आणि उठून गोठ्यात गेला. मागोमाग जाऊन खरं सांगता आलं असतं. मी चुलीपाशी आईच्या हाताखाली जाऊन बसले.

पुढच्या दसऱ्याला नवऱ्यानं आपणहून पिंप उतरवलं, पाणीही तोडलं. मोहर आला, आंबे लागले. पहिली पाटी मी माहेरी धाडली. गोड हायत, असा बापाचा निरोप आला. पण त्यानंतर त्यानं माझ्या दावणीला जनावर दिलं नाही. धाकट्या बहिणीला दोन दिली.