चौथं वल्हं

डायलिसिसच्या हॉलमध्ये खिडकीकडे तोंड करून सहा खुर्च्या होत्या, पलीकडच्या भिंतीकडे आणखी सहा. खिडकीकडच्या तिसऱ्या खुर्चीवर पडदेवाल्या काकू बसत. त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवायचं असलं तर सिस्टर आधी काकूंशी बोलून घेत, कारण नंतर बोलणं महागात पडे. दोन खुर्च्यांच्या मधले फिकट हिरवे पडदे काकूंनीच अकरा वर्षांपूर्वी शिवलेले, मूत्रपिंडं धडधाकट होती तेव्हा. "आपण कुणासाठी शिवतोय ते तेव्हा ठाऊक असतं, तर खालची दुमड जरा चांगली घातली असती," असं त्या नव्या पेशंटला हमखास ऐकवत. तो बिचारा हसावं की नाही या विचारात पडे आणि तेवढ्यात त्याला सुई टोचून झालेली असे.

तीस वर्षं त्यांनी पडदे शिवले. नाटकगृहाचे, शाळांचे, घराघरांचे. नवरा माप घ्यायला जायचा आणि नेहमी चार बोटं कमी घेऊन यायचा, म्हणून पुढे त्या स्वतःच शिडीवर चढू लागल्या. नवरा गेला, मुलगा नोकरीला लागला, सून आली, आणि एक दिवस पाय सुजले. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा, उजवा हात मशीनचा. त्या हाताची शीर ऑपरेशन करून फुगवलेली, तिच्यात दोन जाड सुया. चार तास तो हात हलवायचा नाही. हलवला की नळी मुडपते आणि मशीन गळा काढतं. डाव्या हाताने काय वाटेल ते करा.

काकूंच्या डाव्या हाताला काम दिलं ते टायपिस्टने. कोर्टात अडतीस वर्षं टायपिंग करून निवृत्त झालेला हा गृहस्थ चौथ्या खुर्चीवर असे. बोटं रिकामी ठेवली की त्याला बेचैनी यायची. त्याच्याकडे तळहाताएवढं गेम खेळायचं यंत्र होतं आणि त्यात एक होडीचा खेळ. एका होडीत चौघं, चार वल्ही, प्रत्येकाच्या हातात आपापलं यंत्र. एका बोटाने वल्हं ओढायचं, अंगठ्याने वळवायचं, म्हणजे एका हाताचं काम. त्याने आधी काकूंना पटवलं, मग दुसऱ्या खुर्चीवरच्या मास्तरांना, मग पाचव्या खुर्चीवरच्या ट्रक ड्रायव्हरला. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे नदी आली म्हटल्यावर त्यांनी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. ड्रायव्हर चाळिशीचा. त्याची अट एकच होती की त्याला मागे बसवून कुणी रस्ता सांगायचा नाही.

काकूंनी चौघांसाठी उरलेल्या पडद्याच्या कापडाच्या चार छोट्या उशा शिवल्या आणि त्यांत तांदूळ भरले. उशी मांडीवर, उशीत यंत्र रुतवलेलं, म्हणजे एका हाताने खेळता येई. उजवीकडची दोन वल्ही काकू आणि टायपिस्टची, डावीकडची मास्तर आणि ड्रायव्हरची. "ओढा" म्हणून हाक द्यायचं काम काकूंचं. दोन वर्षं हे चौघं नदी कापत राहिले. मशीनने गळा काढला की सिस्टर धावत येत आणि विचारत, "कोण हललं?" चौघंही दुसऱ्याकडे बोट दाखवत. डाव्या हाताचं.

मग एका सोमवारी चौथ्या खुर्चीवर स्वच्छ धुतलेली चादर दिसली आणि कुणी काही विचारलं नाही. तीन आठवडे यंत्रं पिशवीतच राहिली. चौथ्या आठवड्यात काकूंनी आपलं उघडलं. होडी त्यांच्याच यंत्रात साठवलेली होती. पडद्यावर विचारणा आली, चौथी जागा रिकामी आहे, संगणकाला देऊ का? काकूंनी "नाही" दाबलं. जागेवर टायपिस्टचं नाव तसंच राहिलं आणि त्याखाली आडवं पडलेलं वल्हं. उजवीकडे एकच वल्हं उरलं, होडी गरगर फिरू लागली. मग मास्तर आणि ड्रायव्हरने ठरवलं की आपण आळीपाळीने ओढायचं, काकूंनी दर वेळी. होडी सरळ झाली. वेग निम्मा झाला, पण जागा कुणी घेतली नाही. या ठरावावर कधी चर्चा झाली नाही आणि तिघांपैकी कुणी तो मोडलाही नाही.

मोडला तो कंपनीने. मास्तरांनी आपलं जुनं यंत्र पडून फुटलं म्हणून आदल्याच वर्षी नवं कोरं घेतलेलं. त्याला अकरा महिने झाले नाहीत तोच कंपनीने तेच यंत्र "प्लस" करून बाजारात आणलं. पडदा मोठा, चित्र झगझगीत, आत म्हणे डोकंही जास्त. नवे खेळ फक्त प्लसवर. होडीच्या खेळाचीही नवी नदी आली, फक्त प्लसवर. सून सांगत होती की जिकडेतिकडे लोक भांडताहेत. ज्यांनी नुकतं घेतलं त्यांना फसवल्यासारखं वाटतंय, ज्यांनी प्लस घेतलं ते म्हणतात रडता कशाला, जुनं चालतंय की तुमचं.

मास्तर आठवडाभर कंपनीच्या नावाने बोटं मोडत राहिले आणि पुढच्या सोमवारी प्लस घेऊन आले. जुनं दुकानात देऊन टाकलं होतं.

"बावीस वळणं आहेत नदीला," ते म्हणाले. "भरती-ओहोटीसुद्धा. आपल्या नदीला सात होती."

"सातातली तीन तुम्हाला अजून जमत नाहीत," काकू म्हणाल्या.

बुधवारी ड्रायव्हरनेही प्लस काढलं. त्याने उत्साहात ते दोन्ही हातांनी उचललं, नळी मुडपली आणि मशीनने असा टाहो फोडला की पलीकडच्या भिंतीकडचे सहाही जण जागे झाले. सिस्टरने त्याला झापलं. काकूंना मनातून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली नाही.

मग मुद्दा निघाला होडीचा. नव्या यंत्रावरून जुन्या होडीत बसता येत नव्हतं. काकूंनी प्लस घेऊन होडी त्यावर न्यायची, मग तिघं परत एकत्र. काकूंच्या पडद्यावर तसा निरोपही रोज येत होता. होडी नव्या यंत्रावर न्यायची का? खाली दोनच बटणं, "आता" आणि "नंतर". "नको" असं बटणच नव्हतं. आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं की रिकाम्या जागा संगणक भरेल.

"म्हणजे त्यांचं नाव जाणार," काकू म्हणाल्या.

"नावाचं हो काय," मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. "आठवण तर राहतेच ना आपल्याला. चार पावलं पुढे जायला नको का?"

"मास्तर, मी लोकांच्या घरी पडदा लावून दिला, तर वर्षाने जाऊन सांगायचे नाही की उद्यापासून यातून ऊन आत येणार, नवा घ्या. तुम्हाला पुढे जायचंय तर जा. मी जागा देणार नाही."

"हट्ट आहे हा नुसता."

"आहेच. डॉक्टर सांगतात हे सोड ते सोड. पाणी मोजून, मीठ नाही, फळ नाही. सगळं सोडलं. आता हे सोडणार नाही."

ड्रायव्हरने आपलं प्लस उशीवर ठेवलं. तो म्हणाला, "काकू, मास्तरांना बावीस वळणं हवीत म्हणून त्यांनी घेतलं. मी त्यासाठी नाही घेतलं. साखरेने माझे डोळे गेलेत. गाडी सुटली ती त्यामुळेच. जुन्या पडद्यावर तुम्हाला रिकामी जागा दिसते, मला पाणीच दिसत नाही. सहा महिने मी अंदाजाने ओढतोय."

काकूंनी आपलं यंत्र पिशवीत टाकलं. हरण्याची सवय त्यांना नव्हती, त्यामुळे त्या दिवसभर धुमसत राहिल्या.

पुढचे तीन आठवडे हॉलचे दोन पक्ष झाले. मास्तर आणि ड्रायव्हर नव्या नदीत, सोबतीला संगणकाची दोन वल्ही. ती दोन वल्ही कधी चुकत नसत. त्यामुळे हे दोघं दर फेरीला जिंकत, आणि जिंकून झाल्यावर एकमेकांना सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसे. इकडे काकू एकट्या. उजवीकडचं एकच वल्हं, होडी डावीकडे गरगर. पण वर्षानुवर्षं शिडीवर चढून सळ्या ठोकलेली बाई ती. तिने शोधून काढलं की तीन ओढी झाल्या की वल्हं पाण्यात रुतवून धरायचं, म्हणजे होडी परत उजवीकडे येते. नागमोडी, रखडत, काठाला धडकत. पहिलं वळण पार करायला दोन दिवस लागले. चौघांनी ते तीन मिनिटांत केलेलं. तिन्ही रिकाम्या जागांवर नावं तशीच होती. रोज विचारणा येई, तीन जागा संगणकाला देऊ का? रोज "नाही". रोज "नंतर". सिस्टर म्हणाल्या, "काकू, बीपी वाढतंय तुमचं." काकू म्हणाल्या, "वाढू दे. निदान काहीतरी वाढतंय."

आणि तोंडाने हाक चालूच. "ओढा." सवयीने म्हणा, डिवचायला म्हणा.

तिसऱ्या शुक्रवारी काकूंच्या लक्षात आलं की त्यांनी "ओढा" म्हटलं की पाचव्या खुर्चीवरच्या ड्रायव्हरचं डावं बोट हलतं. त्याच्या हातात प्लस होतं, पण ते बंद होतं. तो खिडकीबाहेर बघत होता आणि बोट तेवढं उशीवर, बरोबर हाकेला.

"तुझं जुनं यंत्र कुठाय?" काकूंनी विचारलं.

"घरी. कपाटात."

"सोमवारी आण."

"काकू, मला दिसत नाही सांगितलं ना."

"बघायचं कुणी सांगितलं तुला? मागे बसतोस ना तू? मागच्याने बघायचं नसतं, ऐकायचं असतं. बघायचं काम माझं."

"मी अट घातली होती. मागे बसवून रस्ता सांगायचा नाही."

"ती अट डोळे होते तेव्हाची. आता मी सांगणार आणि तू ऐकणार."

ड्रायव्हरने तोंड फिरवलं. त्याला राग आला की काय असं काकूंना वाटलं, आणि आला असला तरी त्या शब्द मागे घेणार नव्हत्या. मग तो हसला, पडल्या पडल्या, हात न हलवता.

सोमवारी एक वल्हं उजवीकडे, एक डावीकडे. ड्रायव्हरने डोळे मिटले होते. "ओढ. ओढ. थांब. आता ओढ." होडी दोरी धरल्यासारखी सरळ निघाली. दुसरं वळण गेलं, तिसरं गेलं. चौथ्याला ड्रायव्हरने हाकेच्या आधीच ओढलं, होडी खडकावर गेली आणि काकूंनी त्याला असं काही सुनावलं की भिंतीकडच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली. एका हाताची टाळी, मांडीवर.

मास्तर दुसऱ्या खुर्चीवरून मान वाकडी करून काकूंच्या पडद्याकडे बघत होते. डावीकडच्या पुढच्या जागेवर त्यांचं नाव होतं आणि त्याखाली आडवं पडलेलं वल्हं. अगदी टायपिस्टच्या नावासारखंच, त्याच फिक्या रंगात.

"माझं नाव काढा तिथून," मास्तर म्हणाले.

"का?"

"का म्हणजे? बरं नाही दिसत ते. मी जिवंत आहे अजून."

काकूंनी होडी काठाला लावली आणि त्यांच्याकडे वळून पाहिलं. मास्तरांचा चेहरा खरोखर उतरला होता. इतक्या वर्षांत मास्तरांच्या तोंडून मरणाची गोष्ट कधी निघाली नव्हती. या हॉलमध्ये ती कुणीच काढत नसे.

"मग वल्हवा," काकू म्हणाल्या. "त्यांना येता येणार नाही म्हणून त्यांची जागा ठेवली. तुम्हाला येता येतं म्हणून तुमची ठेवली. तुमचं नाव काढायचं तर संगणकाला बसवावं लागेल. बसवू?"

मास्तर बुधवारी नव्या नदीतच राहिले. शुक्रवारी त्यांनी पिशवीतून एक जुनं यंत्र काढलं. कुठल्याशा दुकानाच्या खोक्यातून शोधून आणलेलं, कोपरा चेपलेला, एका बटणावरचं अक्षर झिजलेलं. कुणाकडे न बघता त्यांनी ते उशीत रुतवलं. प्लस त्यांच्या पिशवीत होतंच. ते त्यांनी टाकलं नाही, आणि काकूंनीही टाका म्हटलं नाही. ड्रायव्हरही घरी त्याच्यावरच मोठ्या अक्षरांत क्रिकेट खेळायचा.

"ह्यात तीन वळणं मला जमत नाहीत," मास्तर म्हणाले. "आधीच सांगून ठेवतो."

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या.

पडद्यावर निरोप आला. होडी नव्या यंत्रावर न्यायची का? काकूंनी डाव्या अंगठ्याने "नंतर" दाबलं. मग दुसरी विचारणा, चौथी जागा संगणकाला देऊ का? सिस्टर मशीनचा आकडा लिहून घेत होत्या. त्या वाकून बघायला लागल्या तशी काकूंनी त्यांच्या डोळ्यांसमोर, बोट दाबून धरून, "नाही" म्हटलं.

"ओढा," त्या म्हणाल्या, आणि दोघांनी आळीपाळीने ओढलं.