शिबिराचं घर बघायला गेलो, त्याचं झालं असं

हसायचं नाही, आधीच बजावून ठेवतो. हसणाऱ्याने आपला चहा उचलायचा आणि उठायचं.

कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही बघा. माझी जी फजिती झाली ना, तशी आख्ख्या घाटकोपरात कुणाची झाली नसेल. आणि चूक माझी नव्हती! म्हणजे, होती. पण बापाने मुलीची काळजी करायची नाही, तर काय शेजाऱ्याने करायची?

तर आमची सायली. शेंडेफळ. दोन मुलगे हाताशी आल्यावर झालेली, म्हणून मी म्हातारा आणि ती अजून कॉलेजात. पार्ल्याला जाते. एक दिवस येऊन म्हणते, "बाबा, मी सात दिवस गावाला चाललेय. कॉलेजचं शिबीर आहे."

"कुणाच्या गावाला?"

"कुणाच्याच नाही हो. शहापूरच्या पुढे आहे एक गाव. बंधारा बांधायचा, शोषखड्डे खणायचे, साफसफाई करायची."

"पगारी?"

"बाबा! सेवा असते ती."

आता मला सांगा, घरात स्वतःचं ताट मोरीत नेऊन ठेवत नाही ती पोरगी, आणि परक्या गावात जाऊन फुकट खड्डे खणणार? मी चौथीत शाळा सोडली आणि जन्मभर टेलिफोनच्या केबलचे खड्डेच खणले. मला नाही कुणी सर्टिफिकेट दिलं!

"आणि झोपणार कुठे?"

"मुलं शाळेत. मुली हरिभाऊंच्या माडीवर."

"कोण हरिभाऊ?"

"मला काय माहीत? सरांनी ठरवलंय."

संपलं! ज्याचं तोंड बघितलं नाही, त्याच्या माडीवर माझी पोरगी सात दिवस? मी म्हटलं, "घर बघितल्याशिवाय मी तुला सोडणार नाही."

तिचे डोळे भरले. "बाबा, मी लीडर आहे मुलींची. बाकीच्यांच्या आयांना मीच समजावलं. आता माझाच बाप नाही म्हणाला, तर मी तोंड कुठे दाखवू?"

आमची ही आतून ओरडली, "तुमका खूळ लागला हा काय? जाऊ दे तिका!"

मी गप्प बसलो. पण मी गप्प बसलो म्हणजे ऐकलं, असं नसतं. दुसऱ्या दिवशी कुणालाही न सांगता एसटी पकडली आणि थेट ते गाव गाठलं. पारावर विचारलं, हरिभाऊंचं घर कुठलं? दाखवलं.

दारात पाय ठेवतो न ठेवतो, तर हरिभाऊ धावत बाहेर. पांढरा सदरा, टोपी. "या, या! मुंबईहून ना? मुलीचे वडील ना?"

"हो."

"अहो, तुमचीच वाट बघत होतो!"

मी मनात म्हटलं, वा! कॉलेजच्या सरांनी कळवलेलं दिसतंय. वाटतो तेवढा बावळट नाही तो माणूस.

आत नेलं. नवीन सतरंजी. पाणी आलं, चहा आला, कांदेपोहे आले, त्यावर ओलं खोबरं. कुणी मामा आले, कुणी काका आले. सगळे माझ्यासमोर ओळीने बसले. एका शिबिराला एवढी माणसं? पण म्हटलं, गावात रिकामपण असतं.

हरिभाऊंच्या बायकोने, काकूंनी, विचारलं, "आपल्यातलेच ना तुम्ही?"

"मग काय, परके का?" मी म्हटलं. माणसाने गोड बोलावं.

सगळ्यांचे चेहरे फुलले. मी सरळ कामाला लागलो. "मी स्पष्ट बोलणारा माणूस. मुलगी इथे राहणार, तर घर बघून घेतो."

"बघा ना! बघायलाच तर आलात."

माडी बघितली. कठडा हलवून बघितला. पाण्याची टाकी उघडून आत वाकून बघितलं. संडासात शिरलो, आतून कडी लावली आणि मामांना ओरडून सांगितलं, "ढकला बाहेरून!" मामा बिचारे बावरून उभे. "अहो, जोर लावा!" त्यांनी लावला. कडी टिकली. मी खूश.

परत येऊन बसतो तर समोर एक जवान पोरगा. इस्त्रीचा शर्ट, मान खाली. "हा आमचा निलेश," हरिभाऊ म्हणाले.

माझं डोकं फिरलं. सरांनी घरात एवढा घोडा आहे ते सांगितलंच नाही!

"हा इथेच राहतो?"

"हो, एकुलता एक आहे. दिवसभर गॅरेजवर, संध्याकाळी घरी."

"आणि झोपतो कुठे?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. पोरगा कानापर्यंत लाल.

"हे बघा," मी म्हटलं, "माझी मुलगी जोपर्यंत या घरात आहे, तोपर्यंत याने बाहेर झोपायचं. गोठ्यात झोपला तरी चालेल."

हरिभाऊंच्या हातातला कप तसाच राहिला. "पाहुणे... पण मग कसं व्हायचं?"

"काय व्हायचंय? मी पंधरा वर्षं गॅलरीत झोपलो, मला काय झालं?"

मामांना जोराचा ठसका लागला.

काकूंनी विषय बदलला. "मुलीला घरकामाची सवय आहे का?"

"घरकामाचं सोडा. ती खड्डे खणेल, दगड उचलेल, गावातली गटारं साफ करेल."

"अगं बाई! आमच्याकडे नाही हो करू देत असली कामं घरातल्या बाईला."

"नाही कशी? त्यासाठीच तर पाठवतोय!"

सगळे एकमेकांची तोंडं बघतायत. मला वाटलं, बापाचा दरारा बसला. उठताना सांगितलं, "घर पसंत आहे. मी पाठवतो आमच्या सायलीला." हरिभाऊ हळूच म्हणाले, "घाई नको. आम्ही कळवतो ना."

कळवायचं काय त्यात? पण गावची माणसं, बोलायची रीत असेल.

घरी आलो, छाती फुगवून म्हटलं, "जा, सायली!" पोरीने गळ्यात हात टाकले. मी कुठे गेलो होतो त्याचा पत्ता लागू दिला नाही.

ती गेली. संध्याकाळी फोन.

"बाबा, तुम्ही इथे येऊन गेलात?"

"...कोण म्हणतं?"

"काकू! मी बॅग घेऊन दारात उभी राहिले, नाव सांगितलं, तर त्यांच्या हातातून तांब्याच पडला. म्हणाल्या, 'अगं, आम्ही नकार कळवायच्या आत तू राहायलाच आलीस?'"

मला काही उमजेना. "कसला नकार?"

"लग्नाचा! त्यांच्या निलेशसाठी मुंबईहून एका मुलीचे वडील घर बघायला येणार होते. त्याच दिवशी तुम्ही टपकलात! आणि बाबा, गोठ्यात काय झोपवताय त्याला? सगळ्या मुली लोळून लोळून हसतायत. लीडर म्हणे! मी उद्या यांना कामाला कशी लावू?"

चाचरत म्हटलं, "मग त्यांचं... खरं स्थळ मोडलं का?"

"नाही. खऱ्या वडिलांची एसटी चुकली, ते दुसऱ्या दिवशी आले. यांना वाटलं, मध्यस्थाने दोन स्थळं पाठवली. त्यांनी चहा घेतला, दोन शब्द बोलले, गेले. ठरलं त्यांचं. थांबा, काकूंना बोलायचंय."

मी घाम पुसला. "वहिनी, माफ करा हो. म्हातारा माणूस, गडबड झाली."

"छे हो, माफी कसली!" बाई मनापासून हसत होत्या. "मुलीची काळजी अजिबात करू नका, माझ्या शेजारी झोपवते तिला. पोर लाखात एक आहे तुमची. पण भाऊ, तुम्ही स्पष्ट बोलता म्हणून मीही स्पष्ट सांगते. दुसरं स्थळ आलं नसतं ना, तरी आम्ही नाहीच म्हणणार होतो."

"का हो? मुलीत काय खोट?"

"मुलगी आम्ही बघितलीच कुठे होती? सून कशीही झेपली असती. व्याही झेपला नसता!"

घ्या! मुलगी दाखवली नाही, मागणी घातली नाही, आणि तरी नकार आला. तोसुद्धा पोरीला नाही हो. मला!