मास्तरांची भैरवी

"थंड्या पितळात सूर नाई राहत, भाऊ," असं म्हणत मास्तर ट्रम्पेटचा माउथपीस मुठीत धरून बसायचे. वरात खोळंबलेली, नवरदेव घोड्यावर घामाघूम, वरबाप डोळे वटारतोय, आणि हे आपले अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखे शांत. पुसदला एखादं लग्न खाल्लं असेल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. मी फोटो काढायचो, ते वाजवायचे.

तरुणपणी ते मुंबईच्या एका हॉटेलात जॅझ वाजवत. हॉटेलवाल्यांनी वादक बंद केले, तसे गावी आले आणि बँडचा लाल कोट चढवला. जॅझमध्ये ट्रम्पेटचा खटका अर्धाच दाबून सूर घसरवायची सवय लागली होती. त्याच युक्तीनं इथे त्यांनी रागातली मींड काढली. रोज सकाळी भैरवी. त्यांची मुलगी त्या सुरांनी उठायची. आमची गल्लीही उठायची, पण कुरकुरत.

पुढे साखरेच्या आजारानं त्यांचा वरचा पुढचा दात हलायला लागला. ट्रम्पेटची सगळी मदार पुढच्या दातांवर. डॉक्टर म्हणाले, काढा. मास्तरांनी मुलीच्या लग्नापर्यंत मुदत मागितली. नातेवाईक वेगळ्याच कारणानं तापले होते. नवरीच्या बापानं बँडवाल्यांत उभं राहायचं, हे कुणालाच पटेना.

"साऱ्या गावाच्या पोरी म्या वाजवून धाडल्या," मास्तर म्हणाले. "माह्याच पोरीले मुक्यानं धाडू काय?"

बिदाईला त्यांनी फेटा सारखा केला, माउथपीस मुठीत उबवला आणि भैरवी धरली. पहिला सूर लागला. दुसऱ्याला दात सुटला आणि नुसती हवा आली. मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतलं नाही. ओठांवर रक्त, पण बोटं खटक्यांवर चालूच. मुलगी गाडीपाशी थांबली. त्या बोटांकडे पाहत तिनं तिथून पुढची भैरवी गुणगुणली. बोटं थांबली, तेव्हाच ती गाडीत बसली. मला रडू आवरलं नाही.

नंतर त्यांनी कवळी बसवली, पण सूर काही बसला नाही. मागच्या वर्षी मास्तर गेले.

त्या मुक्या भैरवीचा मी काढलेला फोटो त्यांच्या घरी लावलाय. गाल फुगलेले, डोळे मिटलेले. पाहणाऱ्याला वाटतं, काय रंगात आलेत मास्तर. मुलगी माहेरी आली की माउथपीस मुठीत धरून त्या फोटोसमोर बसते. पितळ ऊन झालं, की गुणगुणायला लागते.